सप्टेंबर की जानेवारी

२ सप्टेंबर

लवंगी,

पोचले. सामानासकट पोचले आणि मुख्य म्हणजे कुणाचा हात न धरता पोचले. विमानात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मुलाकडे की मुलीकडे?" माझ्या वयाची बाई एकटी युरोपात निघाली म्हणजे नातवंडं सांभाळायलाच, अशी त्यांची खात्री. मी म्हटलं, "नोकरीला." त्यानंतर सात तास त्यांनी माझ्याकडे मान म्हणून वळवली नाही.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. आणि बंद पाकीट बघून न उघडता ठेवणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही.

खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. छत एका बाजूने एवढं उतरतं की पलंगावर उठून बसताना डोकं जपावं लागतं. पहिल्या दिवशी दोनदा आपटलं, आज एकदाच, म्हणजे प्रगती आहे. एक टेबल भिंतीतून उघडतं आणि भिंतीतच मिटतं. दोन शेगड्या, एक मोरी, एक खिडकी. खिडकीतून खालच्या चौकातल्या सायकली दिसतात, साठ-सत्तर तरी असतील, एकीवर एक रेललेल्या. घरमालकीण तळमजल्यावर राहते. तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झाली आहे. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही, तरी काल आम्ही पाऊण तास गप्पा मारल्या. काय बोललो ते दोघींनाही ठाऊक नाही.

आणि रस्ता! लवंगी, तुला कसं सांगू! एवढी अफाट राजधानी, नदीवर पुलामागून पूल, दगडी इमारतींच्या माथ्यांवर पुतळे उभे, खाली माणसांचा लोंढा, आणि त्या लोंढ्यात एकही माणूस मला ओळखत नाही. इथे मी डॉक्टरांच्या दातांच्या लॅबमधल्या बाई नाही. नवरा लवकर गेला ती बिचारीही नाही. पुलाच्या मध्यावर उभी राहून मी कागदाच्या पेल्यातला चहा प्यायले. चहा अगदी भिकार होता. दुसरा घेतला.

तारखेचं पुन्हा एकदा सांगते. त्यांना माणूस एक सप्टेंबरलाच हवा होता. माझ्या हातात असतं तर मी तुझ्या बाळंतपणाला थांबले नसते का? आत्या तुझ्याजवळ आहे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तुझ्या बाबांच्या घरात सगळ्यांचाच होता. रागावलीस तरी जेवत जा.

आई


१६ सप्टेंबर

लवंगी,

आज लॅबविषयी लिहिते. तू म्हणशील, मला काय करायचंय. वाचू नकोस मग, पुढच्या ओळीवर जा. पुढच्या ओळीवरही लॅबच आहे.

एक लांबच लांब खोली, उत्तरेला सलग खिडक्या. दातांचा रंग उत्तरेच्या उजेडातच खरा दिसतो. आपल्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये मी चोवीस वर्षं ट्यूबलाइटखाली रंग जुळवले आणि मग खात्री करायला दात मुठीत घेऊन गच्चीवर पळत गेले. इथे गच्ची माझ्या टेबलाशी आली आहे. बाराजण एका ओळीत बसतो. प्रत्येकापुढे छोटी भट्टी, पोर्सलिनच्या पुडींच्या बाटल्या, बारीक केसांचे ब्रश.

लॅबची मालकीण साठीची आहे. डोळ्यावरचं भिंग ती जेवतानाही काढत नाही, म्हणून मी तिला मनात भिंगबाई म्हणते. तोंडावर अर्थातच मॅडम. तीन महिने माझी कच्ची नोकरी आहे. पसंत पडले तर पक्की, नाहीतर परतीचं तिकीट. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक साचा ठेवला, एक फोटो ठेवला आणि म्हणाल्या, "एक दात." बस्स. ना वेळ सांगितली, ना रंग. मी पूड कालवली, ब्रशने थरावर थर चढवले, मुळापाशी पिवळसर, टोकाला निळसर. नेहमीप्रमाणे दात मोठा ठेवला, कारण भट्टीत तो पाचव्या हिश्शाने आक्रसतो. काढला तेव्हा भिंगबाईंनी तो चिमट्यात धरून खिडकीशी नेला आणि बराच वेळ परत आल्याच नाहीत. मग येऊन म्हणाल्या, "या दाताला चहा पिण्याची सवय आहे." फोटोतल्या बाईच्या दातांवर चहाची एक पुसट रेघ होती, ती मी आतल्या थरात घातली होती. सगळी ओळ हसली. मीही दात काढले, माझे स्वतःचे.

आणि हे ऐक. इथे तयार दात ज्या डबीत ठेवतात त्या डबीवर करणाऱ्याचं नाव लिहितात. डॉक्टरचं नाही, करणाऱ्याचं. डबी पेशंटला मिळते. मी पेन हातात घेऊन बसून राहिले. शेजारच्या मुलीला वाटलं, मला स्पेलिंग आठवत नाही. चोवीस वर्षांत हजारो तोंडांत माझे दात बसले, त्यातल्या एका तोंडालाही माझं नाव माहीत नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी दात करून आपल्या दोघींचं भरलं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तर माझ्या दातांच्या फोटोंचं ते पान तू इंटरनेटवर टाकलंस. "आई, जगाला दिसू दे," म्हणालीस. जगाला दिसलं, भिंगबाईंनी पत्र पाठवलं. म्हणजे मला इथे धाडणारी तूच. गंमत केली गं. हसू नकोस.

भाषेच्या वर्गात काल सगळ्यांनी आपला धंदा सांगायचा होता. मी उभी राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, "मी दात आहे." मास्तरणीने विचारलं, "कितवा?"

आई


७ ऑक्टोबर

लवंगी,

आत्याने कळवलं की तुझे पाय सुजलेत आणि तू माझी दोन्ही पत्रं कपाटात टाकलीस. कपाटात ना? कचऱ्यात नाही ना? मग ठीक. पायांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, इतक्या लांबून सल्ले देणाऱ्या आईचा तुला संताप येईल. फक्त उशी पायाखाली ठेव. झालं, लिहिलं.

इकडे एक प्रकरण उभं राहिलंय. गेल्या आठवड्यात लॅबमध्ये एक माणूस आला. दारात मावेना असा धिप्पाड, पन्नाशी उलटलेला, आणि तोंडावर हात धरलेला. इथल्या मोठ्या वाद्यवृंदात तो ट्रंपेट वाजवतो. माझ्या भाषेत तुतारीवाला. उन्हाळ्यात सायकलवरून पडला आणि वरचे पुढचे दोन दात गेले. दोन ठिकाणी त्याने नवे दात करून घेतले. दोन्ही वेळा दात सुरेख, सरळ, मोत्यासारखे. आणि दोन्ही वेळा तुतारी मुकी. हवा जाते, सूर येत नाही. जानेवारीत वाद्यवृंद पुढच्या वर्षाची माणसं ठरवणार, तोवर वाजवता आलं नाही तर त्याची खुर्ची दुसऱ्याला. सव्वीस वर्षं तो त्या खुर्चीवर बसला आहे.

भिंगबाईंनी काम आमच्या ओळीतल्या सगळ्यात जुन्या कारागिराला दिलं. तो म्हणाला, "ओठांच्या व्यायामाचा प्रश्न आहे, दातांचा नाही." तुतारीवाला मान खाली घालून ऐकत होता. एवढा थोरला माणूस शाळेतल्या पोरासारखा बसला होता गं. माझ्याच्याने राहवलं नाही. मी उठले आणि माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, "फोटो. जुना. हसताना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कच्च्या नोकरीतल्या बाईने जुन्या कारागिराच्या कामात तोंड घालायचं नसतं, हे सगळ्या देशांत सारखंच आहे. त्याने दातओठ खाल्ले. भिंगबाईंनी भिंग वर केलं. मी त्यांचे डोळे प्रथमच पाहिले, घारे आहेत. म्हणाल्या, "का?"

मी म्हटलं, "सरळ दात त्याचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो बुटांच्या खोक्यात भरून फोटो घेऊन आला. लग्नातले, सहलीतले, बायकोने काढलेले. मी भिंगाखाली एकेक पाहिला. लवंगी, त्याचा डावा दात उजव्यावर केसभर चढलेला होता! अगदी केसभर. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांनी त्याला सुंदर केलं आणि त्याचा सूर घालवला.

भिंगबाईंनी काम मला दिलं. जुना कारागीर तेव्हापासून माझ्याशी हवापाण्यापुरतंच बोलतो. फसले तर तीन महिन्यांची वाट बघायलाही नको. पण मला भीती वाटत नाहीये, हीच भीती वाटते. सकाळी जिने उतरते तेव्हा पाय आपोआप धावतात. एक्कावन्नाव्या वर्षी! घरमालकीण खाली दार उघडून उभी राहते आणि हाताने ट्रामचा ब्रेक दाबल्याची खूण करते.

तुझी तारीख बारा दिवसांवर आली. फोन उशाशी ठेवते.

आई


२० ऑक्टोबर

लवंगी, माझी लवंगी,

मुलगी! तीन किलो दोनशे! काल दुपारी मी ब्रश धुवत होते आणि आत्याचा मेसेज आला. मी किंचाळले. शेजारच्या मुलीच्या हातून साचा पडला आणि फुटला. भिंगबाई धावत आल्या, त्यांना वाटलं माझा हात भट्टीत गेला. मी भाषा विसरले, सगळ्याच भाषा. हाताने बाळ झुलवून दाखवलं. मग सगळी ओळ उठली. जुना कारागीरही उठला आणि त्याने माझा हात एवढा जोरात हलवला की खांदा अजून दुखतो. घरी येताना ट्राममध्ये मी अनोळखी बाईला सांगितलं. तिने आपली जागा मला दिली, जणू बाळंतीण मीच.

जावईबापूंनी पाठवलेला फोटो मी भिंगाखाली पाहिला. हसू नकोस, सवय झालीय. कपाळ तुझं आहे. हनुवटी तुझ्या बाबांची. त्या हनुवटीपाशी मी फार वेळ थांबले.

तू बरी आहेस ना? आत्या लिहिते, "सगळं ठीक." आत्याचं "सगळं ठीक" मी तीस वर्षं ऐकत आले आहे. फोन केला तर म्हणाली, तू झोपली आहेस. तिसऱ्यांदा केला तेव्हा म्हणाली, "वहिनी, आता ती बोलणार नाही. तिला जरा वेळ द्या."

देते.

बाळाला माझा

इथे काय लिहायचं ते सुचेना. पापा लिहिलं तर तू म्हणशील, टपालाने?

आई


१२ नोव्हेंबर

लवंगी,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आनंदाची, एक अवघड. आनंदाची आधी सांगते, म्हणजे अवघड सांगायला बळ येईल.

तुतारीवाल्याचे दात मी आधी तात्पुरत्या प्लास्टिकचे केले. तो तुतारी घेऊन लॅबमध्ये आला. दात बसवायला त्याचा डॉक्टरही आला होता. डावा दात मी फोटोवरून केसभर चढवलेला. त्याने तुतारी लावली. फुस्स. मी दात बाहेर काढून घेतले, आतल्या बाजूने किंचित घासले. पुन्हा फुस्स. पुन्हा घासले. सकाळी नऊला सुरू केलं, दुपारचा एक वाजला. त्याचे ओठ सुजले होते, माझी बोटं आखडली होती. जुना कारागीर आपल्या टेबलावरून सगळं बघत होता. मग तो उठून आला, ओठ अडकित्त्यासारखे मिटून त्याने दात माझ्या हातातून घेतले, उजेडात धरले आणि नखाने एक जागा दाखवली. डाव्या दाताची आतली कड. मला ती दिसलीच नव्हती! मी तिथे दोनदा घासलं. फक्त दोनदा.

आणि सूर आला.

कसा आला म्हणून सांगू! आधी एकच, लांब, किंचित थरथरणारा. मग तो वर चढला आणि खिडक्यांच्या काचा वाजल्या. टेबलांवरच्या पुडींच्या बाटल्या किणकिणल्या. खाली रस्त्यावर माणसं थांबून वर बघायला लागली. तो वाजवत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण थांबेना. भिंगबाईंनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. जुना कारागीर म्हणाला, "आता पोर्सलिनमध्ये हेच कर. चूक करू नकोस." मी केली नाही. भट्टीत किती आक्रसेल ते मोजून, तीन वेळा भाजून, तेच केले. गेल्या सोमवारी पक्के दात बसले. डबीवर मी दोन नावं लिहिली, माझं आणि जुन्या कारागिराचं. माझी नोकरी पक्की झाली. तीन महिने पुरे व्हायच्या आधीच.

त्या दिवशी पुलावरून चालत घरी आले, इतकी खूश होते की थंडी कळली नाही. आणि खोलीत येऊन बसल्यावर आत्याला फोन लावला, तिला सांगायला. सांगून झालं. मग ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही एवढ्या आनंदात आहात, तर मला हे आता मनात ठेववत नाही. चौदा तास लागले तिला. रक्त फार गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. शेवटी शेवटी ती ना मला हाक मारत होती, ना नवऱ्याला. आई आई करत होती. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आई कुठे आहे?"

लवंगी, आता अवघड गोष्ट.

तारीख त्यांची नव्हती. भिंगबाईंच्या पत्रात लिहिलं होतं, "सप्टेंबर किंवा जानेवारी, तुम्हाला सोयीचं असेल ते." ते पत्र मी तुला वाचून दाखवलं तेव्हा ही ओळ गाळली. उत्तर मी लिहिलं. सप्टेंबर मी लिहिलं. तुला सातवा महिना लागत होता आणि तू शेजारच्या खोलीत लहानग्याचे कपडे घडी करत होतीस.

पहिल्या पत्रात मी पुन्हा तेच खोटं लिहिलं. कुणी विचारलेलंही नसताना.

माफी मागते, पण खोट्याची मागते. बाकीचं तुझ्यावर सोडते.

आई


५ डिसेंबर

लवंगी,

तुझं पत्र आलं. घरमालकिणीने जिन्याच्या तळातून अशी आरोळी ठोकली की मला वाटलं आग लागली. पाकिटावरचं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. उघडायला दहा मिनिटं लागली. मला पाकीट न उघडता ठेवणं जमतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

सात ओळी. मी मोजल्या. तुझी प्रत्येक ओळ म्हणजे नावाप्रमाणे एकेक लवंगी फटाका. तरी सांगू? मी आनंदाने वेडी झाले. तीन महिन्यांनी तू माझ्याशी बोललीस! भांडलीस, म्हणजे बोललीसच.

तू लिहितेस, "पत्रं सगळी वाचली. खोटं बोललीस ते मला लागलं, पण त्याहून मोठं एक विचारायचं आहे. मी तुला हाका मारीन आणि तू नसशील, हे आधी ठाऊक असतं, तरी तू सप्टेंबरच लिहिलं असतंस का? गोड उत्तर नको. खरं लिही. नाहीतर लिहू नकोस."

याचं उत्तर मी तीनदा लिहिलं. पहिल्यात मी म्हटलं, नाही गं, कधीच नाही. ते वाचून मलाच ते पटेना. दुसऱ्यात एवढी रडले की शाई पसरली. तिसरं वकिलाने लिहिल्यासारखं झालं. हे चौथं.

हो. सप्टेंबरच लिहिलं असतं.

का, ते सांगते. तू सहा महिन्यांची होतीस तेव्हा डॉक्टरांनी मला शिकायला दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं होतं. आठ महिन्यांचं शिक्षण, पोर्सलिनचं. तेव्हा ते आपल्याकडे कुणालाच येत नव्हतं. मला कुणी अडवलं नाही. बाबा म्हणाले, जा. आजी म्हणाली, मी सांभाळते. बॅग भरली होती. निघायच्या सकाळी मी तुला मांडीवर घेतलं, एकदा पाजावं म्हणून. आणि उठले नाही. बस निघून गेली तरी उठले नाही. तू माझं बोट धरून झोपली होतीस.

त्याचा मला पस्तावा नाही. शपथ घेऊन सांगते, एका दिवसाचाही नाही. पुढे ते काम मी स्वतःच चुकत-माकत शिकले. पण मी स्वतःला ओळखते. जानेवारी लिहिलं असतं तर तोवर तुझी मुलगी अडीच महिन्यांची झाली असती. मी तिला मांडीवर घेतलं असतं आणि उठले नसते. मग फेब्रुवारीत भिंगबाईंना लिहिलं असतं, क्षमस्व, घरी अडचण आहे. आणि घरी काहीच अडचण नसती. मला एकदा, माझ्या हातांसाठी, उठून बघायचं होतं.

तुला चौदा तास लागले आणि मी तिथे नव्हते, हे माझ्या अंगावर कायमचं राहील. ते पुसायला म्हणून मी ही चिठ्ठी लिहीत नाही. तुझा राग रास्त आहे. त्याचं वजन कमी कर असं मी म्हणणार नाही.

तू खरं मागितलंस, मी दिलं. आता बोलायचं की नाही हे तू ठरव. मी दर पंधरा दिवसांनी लिहीत राहीन, तुला चालो न चालो. एवढा हट्ट आईचा.

आई


११ फेब्रुवारी

लवंगी गं लवंगी,

दोन महिने तुझा शब्द नाही. मी वेड्यासारखी पत्रं टाकत होते, ट्रामच्या, बर्फाच्या, दातांच्या गप्पांची. जानेवारीत तुतारीवाल्याची खुर्ची शाबूत राहिली, त्याने आम्हा सगळ्या ओळीला पुढच्या रांगेत बसवून ऐकवलं, तेही लिहिलं. आणि आज सकाळी मी लॅबमध्ये एका बाईंचे पुढचे सहा दात भट्टीत घालून बसले होते, तर फोन वाजला. तुझं नाव! हात पोर्सलिनच्या पुडीने माखलेले, फोन कानाला लावला तो पांढराफटक झाला.

तू काय म्हणालीस ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण मला ते कागदावर बघायचं आहे. म्हणालीस, "तुझं उत्तर मला आवडलं नाही. दोन महिने आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. पण तू मला मोठ्या माणसासारखं खरं सांगितलंस." मग म्हणालीस, "एप्रिलमध्ये आम्ही दोघी येतोय. दोन आठवडे. मी अजून रागावलेली आहे, हे लक्षात ठेव. समेट झाला असं आत्याला सांगू नकोस."

नाही सांगत. सांगितलं. ती रडली, तर काय करू?

आणि मागून ती! तो आवाज! रडत होती की गात होती? तू म्हणालीस, भूक लागलीय तिला. एवढ्याशा पोटाला एवढा आवाज! तुतारीवाल्याला सांगितलं पाहिजे.

फोन ठेवला आणि भट्टीकडे पाहिलं तर सहाच्या सहा दात जास्त भाजून काचेसारखे झालेले. चोवीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नाही. भिंगबाईंना दाखवायला गेले. त्यांनी ते बघितले, मला बघितलं आणि म्हणाल्या, "कोण येतंय?" दोन आठवड्यांची रजा जागच्या जागी दिली. दात पुन्हा केले, जेवायची सुट्टी न घेता. ते बरे झालेत, त्या बाईंची काळजी नको.

आता नीट ऐक. लोकरीचे कपडे घेऊन ये, एप्रिल असला तरी. बाळासाठी टोपी दोन, एक हरवतेच. पाळणा आणू नकोस, घरमालकीण तिच्या मुलाचा पाळणा तळघरातून काढून घासते आहे. त्याला चाकं आहेत, तिने अर्थातच त्याला ब्रेक बसवलाय. तिला मी भाषेच्या वर्गात शिकलेलं नवं वाक्य ऐकवलं, "माझी मुलगी येते आहे, भांडायला." या वेळी व्याकरण बिनचूक होतं. तिने मला मिठी मारली.

विमानतळावर बाहेर आलीस की डाव्या हाताला वळ. मी कठड्याला चिकटून उभी असेन, पहाटेपासून, तू उशिरा आलीस तरी. बाळ लगेच माझ्या हातात द्यायला हवं असं नाही. तुला वाटेल तेव्हा दे. आधी बॅगा दे.

घर चौथ्या मजल्यावर आहे हे लिहिलं होतं, पायऱ्या सांगितल्या नव्हत्या. शहात्तर आहेत. पन्नासाव्या पायरीपर्यंत तू भांड, मी ऐकते. तिथून वर दम लागतो, कुणालाच बोलता येत नाही. उरलेल्या सव्वीस पायऱ्या तिला मी घेईन.

आई